हरियलचे पाय

१

मोहर्लीच्या पक्षी दालनात देवराव रामटेके शिरला तेव्हा समोरच्या भिंतीवर बारा खिळे होते आणि फोटो एकही नव्हता.

खिळे त्याने दोनदा मोजले. मग बाराव्या खिळ्याखाली चिकटवलेली पट्टी वाचली. 'छायाचित्रे : मंजुषा देवराव रामटेके, मूल.' त्यावर लाल पेनने आडवं लिहिलं होतं, 'बाद'.

मूलच्या बाजारओळीत देवरावचं शिलाईचं दुकान होतं. तीस वर्षं तो मशीनवर बसला आणि अठरा वर्षं मंजुषा आशाताई म्हणून गावोगाव फिरली. त्यातली शेवटची नऊ वर्षं तिच्या पिशवीत बीपीच्या मशीनबरोबर एक जुना कॅमेराही असायचा. मार्चमध्ये ती गेली. पक्षी बघणाऱ्यांच्या पाखरू मंडळाने या दालनाची एक अख्खी भिंत तिला दिली, हे तिला जाण्याआधी कळलं होतं, एवढंच त्यातल्या त्यात बरं. उद्घाटन रविवारी होतं. आज बुधवार. फ्रेमा सरळ लागल्या की नाही, तेवढं बघायला तो आला होता.

फ्रेमा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्याने पहिली फिरवली. उंबराच्या फांदीवर बसलेला एकटा हरियल. फोटो ओळखीचा, पण रंग ओळखीचे नव्हते. हरियलचे पाय हळदीसारखे पिवळे असतात. इथे ते शिळ्या ताकासारखे पांढुरके दिसत होते. खांद्यावरचा फिका जांभळा पट्टा तर कपड्याला नीळ जास्त झाल्यासारखा.

"या भाऊ. तुमाले फोनच करनार होतो."

मागे मंडळाचा सचिव अजय नागोसे उभा होता. मोहर्लीतच त्याचं पर्यटकांना राहायला द्यायचं घर होतं. बोलताना चाव्यांचा जुडगा बोटावर फिरवायची त्याला सवय होती. जुडग्यात घराच्या, गाडीच्या, दालनाच्या चाव्या, एक शिट्टी आणि कडीचा लोखंडी तुकडा, असं सगळं खुळखुळत होतं.

"फोटो काऊन उतरवले?"

"मी नाई उतरवले जी. वासेकर सर आलते चंद्रपूरवरून तपासाले. रंग मारले म्हनते फोटोले. बारातले पाच तर साफ बनावट म्हनते. अन् पाच खोटे निंगाले तर बाकीच्या सातावर कोन विश्वास ठेवन?"

"कोनं मारले रंग?"

अजयने चाव्या मुठीत धरल्या. "आता भाऊ, फोटो बाईचे. तर बाईनंच ना. मार्कंड्याचं ते जोडपं लय मस्त धरलं होतं बाईनं, मी सरायले तसं सांगितलं पन. पर रंगानं घात केला."

देवरावची कानशिलं तापली. "तिनं जिंदगीत कोनाच्या बाळाचं वजन पावभर वाढवून लिहिलं नाई. पाखराले रंग मारन?"

"मले नका सांगू, सरायले सांगा. मूळ फाईल द्या म्हनते. कॅमेऱ्यातून निंगते तशी, हात न लावलेली. रविवारी अकरापर्यंत आली तर ठीक. नाई आली तर अहवालात 'बनावट' लिहिनार अन् बाईचं नाव मंडळातून कायमचं कमी करनार."

"मूळ फाईल तुमच्याकडंच असन ना."

"आमच्याकडं तयार फोटो आले फक्त." अजयने भिंतीकडे पाहिलं. "अन् भिंत तर मोकळी ठेवता येत नाई. माझे काई फोटो पडून हायेत. तेच लावतो."

देवरावने हरियल पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवला नाही. तोंड खोलीकडे करून ठेवला.

"ही पट्टी काढायची नाई," तो म्हणाला. "रविवारी मी येतो."

"फाईल नाई भेटली तर?"

"तरी येतो."

२

घरी आल्या आल्या त्याने मंजुषाचा लॅपटॉप उघडला. आठ महिन्यांत तो उघडला नव्हता. वर साचलेली धूळ त्याने बाहीने पुसली.

मूळ फाईल नव्हती. लॅपटॉप जुना, त्यात जागा कमी. मूळ फोटो ती पेनड्राइव्हवर हलवायची आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुन्हा वापरायची. तो पेनड्राइव्ह घरात कुठेच सापडला नाही. पण तयार केलेला हरियल होता. त्याने तो उघडला आणि खुर्चीत मागे टेकला.

पाय पिवळे होते. चांगले हळदीसारखे. खांद्यावरचा पट्टा फिका जांभळा.

म्हणजे फोटो इथून चांगला गेला आणि वाटेत कोणीतरी बिघडवला. देवरावला राग आला आणि बरंही वाटलं. चोर बाहेरचा असला की माणसाला बरंच वाटतं.

फ्रेमांचे प्रिंट मूलमध्येच प्रफुल चिलबुलेच्या स्टुडिओत निघाले होते. देवरावने फाईल आपल्या पेनड्राइव्हवर घेतली आणि तडक तिकडे गेला. प्रफुल नवरा-नवरीच्या अल्बममध्ये गढला होता.

"प्रफुल, माझ्या बायकोच्या फोटोचे रंग तू बदलवले का?"

"काका, पाणी तर प्या आधी."

"बदलवले का ते सांग."

"अजयभाऊनं तयार फोटोंचं फोल्डर दिलं, मी प्रिंट मारले. बोट लावलं नाई. आना इकडं तुमचं." प्रफुलने देवरावची फाईल मोठ्या स्क्रीनवर उघडली.

पाय शिळ्या ताकासारखे. पट्टा निळा.

देवरावने डोळे चोळले. "हे माझ्या घरून आत्ता आनलं मी. घरी पिवळे होते पाय."

प्रफुलने अजयकडून आलेली फाईल शेजारी उघडली. दोन्ही सारख्याच निळसर. मग त्याने दोन्हींची माहिती काढून दाखवली. दोन्हींचा आकार तोच. शेवटचा बदल दोन्हींत एकाच वेळी, चौदा जानेवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

"तुयाच स्क्रीनले ताप आला असन," देवराव म्हणाला.

"माझ्या? काका, दर दोन महिन्यांनी यंत्र लावून रंग तपासतो मी हिचे. शालूचा रंग चुकला तर नवरीची माय दुकानात येऊन माझा रंग उडवते." मग तो हळू आवाजात म्हणाला, "फाईल एकच हाये. मधात कोनं हात नाई लावला. चौदा जानेवारीले काकू होत्या ना?"

होती. मंजुषा दोन मार्चला गेली.

"मंग काका... रंग काकूनंच बदलवला."

देवराव उठला. झेरॉक्सवाल्याकडे गेला, तिथल्या स्क्रीनवर पाय पांढुरके. शेजारच्या औषध दुकानात हिशेबाच्या संगणकावर पांढुरके. स्वतःच्या मोबाईलवर पांढुरके. फक्त घरी आल्यावर, तिच्या लॅपटॉपवर, पिवळे.

सगळं जग एक सांगत होतं आणि तिचा लॅपटॉप एक.

३

गुरुवारी हर्षा वाकडे मूलला आली. ती मोहर्लीच्या गेटवर गाईड होती. मंजुषाने तिला पाखरं शिकवली होती आणि तिने मंजुषाला जिप्सीत बसून कॅमेरा न हलवता कसा धरायचा ते. मंजुषाला नागपूरला उपचारासाठी न्यायचे त्या दिवसांत फोटोंचा पेनड्राइव्ह मंडळाकडे हर्षानेच पोचवला होता.

देवरावने चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "त्याच्यात काय काय होतं?"

"दोन फोल्डर. एक 'तयार', एक 'मूळ'. माझ्यापुढंच भरले ताईनं. 'मूळ मागतेत, हर्षा, आपन मागायच्या आधीच देऊ' म्हने."

"अजय म्हनते, तयारच आले फक्त."

"मी त्याच्या हातात देल्लं, भाऊजी. इवलासा लोखंडी पेनड्राइव्ह, वर कडी. गेटवर देल्लं, सकाळच्या फेरीच्या आधी."

"मधात तू कुठी उघडलं का? कोनाले देल्लं का?"

हर्षाने कप खाली ठेवला. "तुमी माझ्यावर शक घेता?"

"सगळ्यायवर घेऊन राह्यलो. मंजुषावर पन घेऊन पाह्यला काल रातभर. मले उठून आंघोळ करावी वाटली."

मग तिने पिशवीतून एक शंभरपानी वही काढली. "ही ताईनं मले देल्लती. तुमच्याच दुकानातले दोरे हायेत. तुमाले ठाऊक असन."

देवरावला अर्धवट ठाऊक होतं. मंजुषा रिळांच्या डब्यातून दोऱ्याचे तुकडे कापून न्यायची. तो कुरकुरायचा. ती म्हणायची, "तुमीच तर शिकवलं." गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की देवराव रीळ घेऊन दुकानाबाहेर उन्हात यायचा आणि तिथे दोरा जुळवायचा. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेला दोरा उन्हात उघडा पडतो. हे एवढंच त्याचं ज्ञान, आणि तिने ते पाखरांना लावलं होतं. पाखरू उन्हात दुर्बिणीतून नीट बघायचं, तिथेच दोरे पुढे धरायचे, जुळेल तो वहीत टाचून ठेवायचा.

त्याने पान काढलं. 'हरियल. मार्कंडा, नदीकाठ, उंबर. ५ जानेवारी, सकाळी ११, लख्ख ऊन.' खाली तीन गाठी. 'पाय ३१७. खांदा ४०२. छाती २९०.' आकडे त्याच्याच रिळांवरचे. शेवटी बारीक अक्षरात, 'घरी खिडकीत बसून फोटो दोऱ्याशी जुळवला, १४ जानेवारी.'

"हे घेऊन जा सरायकडं," हर्षा म्हणाली.

"दोरा पाहून सर म्हनन, दोरा पिवळा हाये, पाय तर पांढरे." त्याने वही मिटली. "जुळवला म्हनते ती. मंग जुळत काऊन नाई?"

४

शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्याने लॅपटॉप खिडकीत नेला. चौदा जानेवारीला तिने हेच केलं होतं, तीच खिडकी, साधारण तीच वेळ. वहीतला ३१७ चा दोरा त्याने स्क्रीनवरच्या पायाला लावला.

जुळला. असा जुळला की बोट उचलल्यावर दोरा कुठे होता ते शोधावं लागलं. ४०२ खांद्याला लावला. जुळला. मंजुषाने खोटं लिहिलं नव्हतं.

मग प्रफुलचा स्क्रीन खोटा? झेरॉक्सवाल्याचाही? मोबाईलही? इतके सगळे मिळून खोटं बोलतील का?

देवराव मशीनवरून उठलेला माणूस. त्याला स्क्रीनमधलं कळत नव्हतं, पण कापडातलं कळत होतं. गिऱ्हाईक सांगतं, कापड पांढरं आहे. कोणतं पांढरं? म्हणून दुसरं पांढरं शेजारी ठेवून बघायचं. त्याने लॅपटॉपवर एक कोरं पान उघडलं आणि शेजारी धुतलेल्या लट्ठ्याचा तुकडा धरला.

लट्ठा पांढरा. स्क्रीनवरचं पान मांजरपाटासारखं, पिवळट.

तो बघत राहिला. त्या पिवळेपणाची त्याला ओळख पटत होती, आणि ती पटू नये असं त्याला वाटत होतं.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नागपूरहून दुसऱ्या वेळचं औषध घेऊन आले होते. तिला उजेड सहन होत नव्हता. लॅपटॉपचा पांढरा उजेड डोळ्यांत सुईसारखा जातो म्हणायची, पण फोटोचं काम सोडायला तयार नव्हती. तेव्हा देवरावने प्रफुलला फोनवर विचारून, एक-एक बटण दाबत, स्क्रीनवरचा तो डोळ्यांच्या आरामाचा पिवळा उजेड सुरू केला होता. दिवसरात्र राहील असा. ती म्हणाली होती, "आता कसं, कंदिलासारखं वाटते." थोड्या वेळाने डोळ्यांना त्याची सवय झाली. दोघंही ते विसरून गेले.

त्याने तीच बटणं उलटी दाबली. पान लट्ठ्यासारखं पांढरं झालं. मग हरियल उघडला. पाय शिळ्या ताकासारखे. पट्टा निळा.

नुसत्या डोळ्यांनी काम केलं असतं तर ही चूक झाली नसती. डोळे पिवळ्या उजेडाला सरावतात, तिने रंगांना हात लावला नसता. पण ती दोरा धरून बसली. स्क्रीन पिवळा, दोरा खरा. फोटो दोऱ्यापेक्षा पिवळा दिसला म्हणून तिने त्यात निळं घातलं, पुन्हा दोरा लावला, पुन्हा निळं घातलं, जुळेपर्यंत. जितकी खरी वागली तितका फोटो बिघडत गेला.

आणि तो उजेड बदलला होता देवरावने.

तो तसाच खिडकीत बसला. ऊन सरकून पलंगापाशी गेलं, पलंगावर कोणी नव्हतं. मग तो मोठ्याने म्हणाला, "बरं. माझ्या हातानं झालं. पर खोटं नाई झालं."

एक कोडं सुटलं होतं. मूळ फाईलचं सुटलं नव्हतं. हर्षा म्हणते दिली, अजय म्हणतो आली नाही. दोघांतला एक खोटा, आणि साक्षीला कोणी नाही. मार्कंड्याला त्या सकाळी ते दोघंच होते, तो आणि मंजुषा. त्याने छत्री धरली होती, तिने कॅमेरा. उंबरावर हरियलचं जोडपं बसलं होतं. एक समोर तोंड करून, दुसरा खालच्या फांदीवर यांच्याकडे पाठ करून. घरी फोटो तयार करताना ती म्हणाली होती, "हा पाठमोरा काढून टाकते, रुसल्यासारखा दिसते." आणि तेवढा भाग तिने कापून टाकला होता.

देवरावने पुन्हा फोटोकडे पाहिलं. एकच पक्षी. वहीतलं पान पाहिलं. पाखरं किती होती ते तिने लिहिलंच नव्हतं.

त्याला बुधवारचं अजयचं एक वाक्य आठवलं. बुधवारी ते ऐकताना काहीच खटकलं नव्हतं.

आज तो ताडकन उठला आणि त्याने हर्षाला फोन लावला. "मार्कंड्याच्या सकाळचं मंजुषानं तुले काय काय सांगितलं होतं?"

"हरियल भेटला एवढंच सांगितलं, भाऊजी. ताईले बोलतानाबी धाप लागत होती तवा. काऊन?"

"रविवारी दालनात ये. प्रफुललेबी घेऊन येतो."

५

रविवारी साडेदहाला दालनात पंधरा-वीस माणसं जमली होती. खिळ्यांवर अजयचे फोटो लागले होते, वाघाचे तीन आणि बाकी मोरांचे. पट्टी तेवढी तशीच होती. वासेकर सर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, उंच, काटेकोर. त्यांनी घड्याळात पाहिलं.

"देवराव, मूळ फाईल आणली?"

"आनली नाई जी. इथीच हाये ती. आधी रंगाचं बोलू."

"रंगाचं बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही. चाळीस वर्षं हरियल बघतोय मी. त्याचे पाय असे नसतात."

"नसतेतच. हेच तर तिनं लिहून ठेवलं." देवरावने टेबलावर वही उघडली, तिचा लॅपटॉप ठेवला, शेजारी प्रफुलने आपला ठेवला. दोन्हींवर तोच हरियल. प्रफुलने दोन्ही फाईलींची तारीख आणि वेळ सरांना दाखवली. "सर, हा दोरा तुमीच लावा."

सरांनी नाइलाजाने दोरा घेतला. प्रफुलच्या स्क्रीनवर लावला, चांगला सुतळीसारखा उठून दिसला. मंजुषाच्या स्क्रीनवर लावला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा दोरा लावला.

"हे कसं काय?"

देवरावने लट्ठ्याचा तुकडा कोऱ्या पानाशेजारी धरला. मग सगळ्यांसमोर पिवळा उजेड बंद केला, सुरू केला, बंद केला. पाय पांढरे, पिवळे, पांढरे. कोणीतरी मागे "अरे बापा" म्हणालं.

"तुमी ज्या पाच फोटोयले बनावट म्हनता, ते पाचही जानेवारीतले. बाकी सात नोव्हेंबरचे, त्याच्यात काई खोट नाई भेटली तुमाले. मधात डिसेंबरात तिच्या डोळ्याले त्रास होत होता, म्हनून हा उजेड मी लावून देल्ला. तिले रंग मारायचा असता तर तिनं दोरा कायले धरला असता?"

देवराव थांबला नाही.

"सर, एक विचारतो. फोटो तपासला तवा तुमच्या स्क्रीनचा पांढरा कसा हाये, ते पाह्यलं होतं?"

"माझा स्क्रीन चांगला आहे."

"तिलेबी तिचा चांगलाच वाटत होता."

सरांचा चेहरा लाल झाला. पण माणूस प्रामाणिक होता. "नव्हतं पाहिलं," ते म्हणाले. "हे मला पटतं. पण नियम नियम आहे. मूळ फाईलशिवाय मी फोटो खरा म्हणू शकत नाही. आणि ती मंडळाकडे आलेलीच नाही."

"आली नाई," अजय पुढे होऊन म्हणाला. चाव्या बोटावर फिरत होत्या. "भाऊचं दुःख मी समजतो सर, पर..."

"माझं दुःख राहू दे माझ्यापाशी," देवराव म्हणाला. "या फोटोत पाखरं किती हायेत, अजय?"

"एक."

"बुधवारी तू मले म्हनला, मार्कंड्याचं जोडपं लय मस्त धरलं. सरायलेबी तसं सांगितलं म्हनला."

"हो, जोडपं म्हणाला होता," सर सावकाश म्हणाले. "मी त्याला विचारलं होतं, दुसरा पक्षी कुठे आहे? तो म्हणाला, बोलण्यात आलं."

"बोलन्यात नाई आलं. जोडपंच होतं. मलेबी दोनच आठवत होते, म्हनून बुधवारी माझ्या ध्यानात नाई आलं. पर मी तिथी छत्री घेऊन उभा होतो. मंजुषा उभी होती, ती गेली. हर्षाले हरियल भेटला एवढंच ठाऊक, विचारा तिले. वहीतबी दोन लिहिले नाई. तयार फोटोत दुसरा हायेच नाई, तिनं कापून टाकला. तो फक्त मूळ फाईलीत हाये." देवराव एक पाऊल पुढे गेला. "तू मार्कंड्याले नव्हता अन् मूळ फाईल तुले भेटली नाई. मंग दुसरा हरियल तू कुठी पाह्यला?"

चाव्या फिरायच्या थांबल्या.

आणि थांबल्यावरच हर्षाला त्या नीट दिसल्या. "भाऊजी," ती म्हणाली, "त्या शिट्टीच्या बाजूले पाहा. कडीचा."

६

इवलासा लोखंडी पेनड्राइव्ह अजयने स्वतःच जुडग्यातून काढला. दुसऱ्या कोणाला काढावा लागला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

"मी पुसलं नाई भाऊ. तुमची शपथ. सरायनं बाद म्हटल्यावर वाटलं, राहू द्यावं तसंच. नऊ वर्षं मीबी फोटो काढून राह्यलो. या भिंतीवर माझा एक नव्हता. बाई तर गेल्या, त्यायले आता काय फरक पडते, असं वाटलं."

"माझ्यासाठी गेली ती," देवराव म्हणाला. "भिंतीसाठी नाई गेली."

प्रफुलने मूळ फाईल उघडली. नदीकाठचं ऊन, उंबर, वर समोर तोंड केलेला हरियल, खाली पाठमोरा. पाय पिवळे. कॅमेऱ्याची तारीख पाच जानेवारी, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं.

वासेकर सरांनी लाल पेन काढलं आणि पट्टीवरचा 'बाद' स्वतः खोडला. मग जरा चाचरत म्हणाले, "देवराव, उद्घाटन आता होऊन जाऊ दे. या पाच फोटोंच्या दुरुस्त प्रती आपण नंतर लावू. खाली 'रंग सुधारित' अशी नोंद टाकू. मंडळातर्फे मी दिलगिरीही..."

"सुधारित लिहायचं नाई."

"पण रंग तर बदलणारच."

"तिनं जुळवलेला रंग बराबर होता. उजेड माझा चुकला. माझी चूक तिच्या नावाखाली कायले लिहिता? अन् उद्घाटन आधी नाई. सात फोटो आत्ता लागतेत, पाचायच्या जागी प्रफुल आत्ता नवे काढून देन, उन्हात जुळले का ते मी पाहीन, मंग फीत कापा. ज्यायले घाई हाये त्यायनं जावं."

कोणी गेलं नाही. लग्नात पाहुण्यांना जागेवर फोटो काढून द्यायचा लहान प्रिंटर प्रफुलच्या गाडीत होता. एक-एक करून पाच मूळ फाईलींचे पोस्टकार्डाएवढे फोटो निघाले. तोपर्यंत देवरावने अजयला हातोडी दिली नाही की शिवी दिली नाही. फक्त भिंतीकडे बोट दाखवलं. अजयने आपले वाघ आणि मोर उतरवले आणि नोव्हेंबरचे सात फोटो एक-एक करून खिळ्यांना टांगले. चौथा वाकडा लागला.

"उजवीकडून वर," देवराव म्हणाला. अजयने उजवीकडून वर केला.

पाचवा प्रिंट निघाला तो हरियलचा. प्रफुलने तो दिव्याखाली धरला. "बराबर दिसते, काका."

"इथी नाई."

देवराव प्रिंट घेऊन दाराबाहेर आला, तीस वर्षं दुकानातून यायचा तसा. मागोमाग सर आले, हर्षा आली, फीत कापायला आलेली मंडळी आली. शेवटी अजयही उंबऱ्यापर्यंत येऊन थांबला. बाहेर लख्ख ऊन होतं. देवरावने वहीतून ३१७ चा दोरा सोडवला, दोन बोटांनी ताणला आणि हरियलच्या पायावर ठेवला.

दोरा दिसेनासा झाला.

सर वाकले. मग अजून वाकले. "कुठे गेला?"

देवरावलाही दोरा दिसत नव्हता, पण बोटांखाली लागत होता. त्याने तो तसाच धरून ठेवला.

"आता लिहा," तो म्हणाला. "छायाचित्र, मंजुषा देवराव रामटेके. रंग तिनंच जुळवला, उन्हात."